‘आपलामा’ म्हणजे कोणाच्यात

आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वांगी भाजणं. थंडी नुकती पडायला लागली होती. मागच्या अंगणात कापसाच्या वाळल्या काड्यांचा जाळ केला होता. मी काड्या सारत होतो, ती चिमट्याने वांगी फिरवत होती आणि जाळ कसा करू नये ते मला सांगत होती. जळगावात भरिताची वांगी गॅसवर भाजणारा माणूस एकतर बदलीवर आलेला असतो, नाहीतर आळशी. वांग्यांची पिशवी दरवर्षीसारखी वरणगावकडून आली होती. ती पिशवी आली की आमच्या घरात एका केसची आठवण निघायची, आणि आठवण निघाली की बायको मला टोचायला लागायची.

“जमादार, लिहून काढा ती ‘आपलं’ची केस. नुसतं मलेच किती वेळ सांगाल?”

मी म्हटलं, उद्या सकाळी बसतो.

उद्या सकाळी वेगळंच काम निघालं. ते शेवटी सांगतो. केस आधी, कारण तिला केस आधी हवी होती.

माझं शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या खेपेला. शिपाई म्हणून लागलो. गाव दोंडाईच्याजवळ, घरात अहिराणी. बायको पूर्वेकडची, भुसावळच्या पलीकडची, तिच्या घरात लेवा बोली. लग्नानंतर एक वर्ष आम्ही एकमेकांच्या बोलण्याला हसण्यात घालवलं आणि पुढची सगळी त्यावरून भांडण्यात. नोकरीच्या शेवटी मला स्टार मिळाला, श्रेणी उपनिरीक्षक झालो. ती मात्र जमादारच म्हणत राहिली. स्टार आला तेव्हा खांदा उतरायला लागला होता, असं तिचं म्हणणं.

शेवटची काही वर्षं मी जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत होतो. तिथली नेमणूक पोलिसांना शिक्षा वाटते. बंदोबस्त नाही, पाठलाग नाही, नुसते कागद. मला वाचायचा कंटाळा. बोललेलं चटकन कळतं, लिहिलेलं दोनदा वाचावं लागतं. आमच्या साहेबांनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं. ते सांगलीकडचे, वयाने माझ्या मुलाएवढे, पण माणूस सरळ. ते मला माणसांजवळ बसवायचे आणि कागद दुसऱ्यांना द्यायचे. सगळ्यांचंच काम सोपं झालं.

या केसची खबर खबऱ्याने दिली नाही. खबर घेऊन मालक स्वतः आला. शहरात शेअरच्या दलालीचं त्याचं ऑफिस होतं. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीची शाखा त्याने चालवायला घेतली होती. खाली सोन्याचं दुकान, वर याचं ऑफिस, काचेचा दरवाजा, आत देव्हारा. गिऱ्हाईक म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले लोक, मास्तर, केळीवाले, डाळ मिलवाले. तो सकाळी रोलकॉल संपतासंपता आला. इस्त्रीचा शर्ट, फायलीत कागद क्रमाने लावलेले, प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी एक बघितलं. ज्याचं खरंच लुटलं जातं त्याच्याकडे एकही कागद धड नसतो. तो रडतो, नाहीतर शिव्या देतो. जो झेरॉक्ससकट येतो त्याच्याकडे दोनदा बघावं.

त्याची तक्रार त्याच्याकडे नोकरीला असलेल्या मुलीविरुद्ध होती. ती तिथे ऑपरेटर होती, म्हणजे कॉम्प्युटरवर शेअर घ्यायचे-विकायचे ते काम तिच्याकडे. तक्रार अशी, की ऑफिसने एखादा शेअर गिऱ्हाइकांना सांगायचं ठरवलं, की ही मुलगी आधी स्वतःच्या खात्यात तो घ्यायची. मग गिऱ्हाइकांना फोन जायचे, सगळे घ्यायचे, भाव चढायचा. चढला की ही आपला माल विकून मोकळी. भाव पडायचा तेव्हा माल गिऱ्हाइकांच्या गळ्यात. मुंबईच्या कंपनीला संशय आला, त्यांनी शाखेला नोटीस दिली. मुलगी हे सारखं करते हे नोटीस आली तेव्हाच मालकाला समजलं, असं तो सांगत होता.

मला शेअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. साहेबांनी समजावलं. म्हणाले, अशा कंपन्यांना दोन कामं करायची परवानगी असते. गिऱ्हाइकासाठी शेअर घेऊन द्यायचे आणि दलाली घ्यायची, हे एक. स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी घ्यायचे-विकायचे, हे दुसरं. दोन्ही कायद्यात बसतं. बाजाराला दोन्ही लागतं, कारण घ्यायला कोणी नसेल तेव्हा हेच घेणारे असतात. अट एकच. गिऱ्हाइकाचं काम आधी, स्वतःचं नंतर. गिऱ्हाईक काय घेणार हे माहीत असताना त्याच्या पुढे पळून स्वतः घ्यायचं नाही, आणि ते लपवायला दुसऱ्याच्या नावाचं खातं तर मुळीच वापरायचं नाही.

मी म्हटलं, साहेब, हे तर आमच्या दोंडाईच्याच्या मिरचीसारखं झालं. अडत्या शेतकऱ्याची मिरची विकून देतो, अडत घेतो. त्याचा स्वतःचाही एक ढीग असतो, त्याला कोणी हरकत घेत नाही. पण मोठा व्यापारी येताना दिसला आणि अडत्याने आधी स्वतःच्या ढिगावरचं पोतं ओढलं, की बाजारात बोंब होते.

साहेब म्हणाले, “बरोबर. फक्त इथे ढीग दिसत नाहीत.”

मुलीला जबाबासाठी बोलावलं. बरोबर वडील आले. वरणगावच्या फॅक्टरीत फिटर. ते बाकावर बसले आणि हातातली पिशवी मांडीवरून खाली ठेवेनात. पिशवीत काय होतं ते मला नंतर कळलं. मुलीचं सरकारी नोकरीचं नेमणूकपत्र. क्लार्कच्या परीक्षेत ती पास झाली होती, निवड झाली होती, आता फक्त चारित्र्य पडताळणी बाकी होती. पडताळणी म्हणजे आमच्याच खात्याचा कागद. त्यात एक ओळ असते, सदर इसमाविरुद्ध गुन्हा दाखल आहे किंवा कसे. त्या ओळीवर त्या घराचं सगळं अडकलेलं होतं. तक्रार आमच्याकडे अजून चौकशीवर होती, गुन्हा दाखल व्हायचा होता. झाला की आरोपीच्या रकान्यात कोणाचं नाव जातं, एवढाच प्रश्न होता.

मुलगी रडली नाही. याचा मला आधी संशय आला, मग बरं वाटलं. तिने सरळ सांगितलं. खातं तिच्या नावावर आहे हे खरं. कामाला लागली तेव्हा मालकाने फॉर्मच्या गठ्ठ्यावर सह्या घेतल्या, सगळ्यांच्याच घेतात म्हणाला. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर तिच्या नावावर घेतला, पण ते सिमकार्ड तिने परत पाहिलं नाही. बँकेचं कार्डही तिच्याकडे नाही. मालक सांगेल ते ती घ्यायची.

मी विचारलं, तो काय शब्दांत सांगायचा?

म्हणाली, “आपलामा टाक, असं म्हणायचे, काका.” म्हणजे आपल्यात टाक.

“आपलामा म्हणजे कोणाच्या?”

“त्यांच्या. आमच्या ऑफिसात आपलं म्हणजे मालकाचं. चहावाल्याला पण माहीत आहे. आपल्यात लिही म्हटलं की मालक देतो, नाहीतर ज्याचा त्याने द्यायचा.”

तिचा बाप बाकावरून म्हणाला, “आणि आपल्यातला चहा हिच्या नशिबी वर्षातून एकदा, दिवाळीले.” मुलीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मांडीवरची पिशवी सावरून धरली.

आता मालकाचं म्हणणं. तो म्हणाला, मी तिला असं एकदाच बोललो आणि ते रेकॉर्डवर आहे, बघून घ्या. मुंबईची कंपनी शाखेच्या लँडलाइनवरचं बोलणं टेप करते. एरवी तो मुलीच्या मोबाईलवर बोलायचा. एक दिवस तिचा मोबाईल बंद पडला होता आणि तो धुळ्याहून येताना गाडीत होता, म्हणून त्याने लँडलाइन लावली. कंपनीने ते बोलणं पेन ड्राइव्हवर, दाखल्यासह पाठवलं. आमच्या रायटरने पंचांसमक्ष ते ऐकून कागदावर उतरवलं. रायटर म्हणजे ठाण्यात जबाब-पंचनामे लिहिणारा हवालदार. त्याचं अक्षर मोत्यासारखं. त्याने लिहिलेलं वाक्य मला अजून पाठ आहे:

“सदरचे शेअर्स प्रथम आपल्या खात्यात घ्यावेत व त्यानंतर सर्व ग्राहकांना दूरध्वनी करावा.”

मालक त्या वाक्यावर बोट ठेवून म्हणाला, “बघा साहेब. आपल्या खात्यात. म्हणजे तिच्या. तिने मला विचारलं होतं, सर, मी माझ्यासाठी घेऊ का. मी म्हटलं, घ्या आपल्या खात्यात. पोरगी गरीब घरची, होऊ दे दोन पैसे. माझी चूक एवढीच की मी भला माणूस. नियम मला माहीत नव्हता.”

साहेबांनी कागद वाचला, परत वाचला. त्यांच्या बाजूला मोठ्या माणसाला आपण म्हणायची रीत आहे. ऑफिसच्या मराठीत तर सगळीकडेच. आपली सही करा, आपला अर्ज मिळाला, आपण बसा. त्या हिशेबाने मालकाचं म्हणणं चपखल बसत होतं. खातं मुलीच्या नावावर, नंबर मुलीच्या नावावर, आणि वर हे वाक्य. साहेब मला म्हणाले, उद्या गुन्हा दाखल करू, मुलीला अटक दाखवावी लागेल. त्यांना ते आवडत नव्हतं हे मला दिसत होतं. पण आवडीनिवडीवर गुन्हा दाखल होत नाही.

मी म्हटलं, साहेब, मला ती टेप एकदा ऐकू द्या. मला वाचलेलं नीट समजत नाही.

ते हसले. पण कॉम्प्युटर लावून दिला.

टेपमध्ये गाडीचा आवाज, हॉर्न, आणि मालक. इस्त्रीच्या शर्टातला मालक नव्हता तो. तो अहिराणीत बोलत होता, गावातला माणूस शेतात गड्याला हाक मारतो तसा. “ओ पोरी, कान दे. आधी आपलामा टाकी दे. मंग बठ्ठासले फोन लाव. समजनं का?” म्हणजे आधी आपल्यात टाकून दे, मग सगळ्यांना फोन लाव, समजलं का. मुलगी फक्त हो म्हणाली. बास, एवढंच. आमच्या रायटरने त्याला धुऊन, वाळवून, घडी घालून कागदावर ठेवलं होतं. त्याचा दोष नाही. ठाण्यात सगळेच तसं लिहितात. माणूस येऊन म्हणतो, त्यानं माले ढकलं, आणि जबाबात उतरतं, सदर इसमाने मला धक्काबुक्की केली. बोलीत लिहिलेला जबाब कोर्टात बरा दिसत नाही, असं आम्हाला पहिल्यापासून शिकवलेलं.

मला टेप ऐकून वाटलं की हा माणूस खोटं बोलतोय. पण का वाटलं ते तोंडाने सांगता येईना. साहेबांना काय सांगू, मला वाटतंय म्हणून? दुपारी जेवायला घरी गेलो. केस घरी सांगायची नसते असा नियम आहे. सगळे सांगतात. तिने ताट वाढलं, मी तिला ते वाक्य सांगितलं आणि मालक त्याचा काय अर्थ लावतो तेही सांगितलं.

ती भाकरी भाजता भाजता म्हणाली, “टाकी दे म्हणाला ना तो?”

“हो.”

“ओ पोरी म्हणाला?”

“हो.”

“मग ज्या पोरीले ‘टाकी दे’ म्हणतो, तिलेच त्याच दमात ‘आपण’ म्हणेल का तो? तुमच्या इकळे तर सासऱ्याले पण आपण म्हणत नाहीत, तुम्ही म्हणतात. माह्या बापाले तुम्ही काय म्हणत होते?”

मी म्हटलं, तुम्ही.

“आणि मले?”

मी भाकरी खायला लागलो.

“तीस वर्षांत एकदा आपण म्हणाले असते तर मी वैद्याले बोलावलं असतं,” ती म्हणाली आणि ठेचा पुढे सरकवला.

मला जे सांगता येत नव्हतं ते हेच होतं. अहिराणीत तुझं ते तुना, तुमचं ते तुमना, माझं ते मना. आणि आपला म्हणजे बोलणाऱ्याच्या घरातलं. समोरच्याला मान द्यायला आपण म्हणणं हे आमच्या बोलीत नाहीच. ते शहरातून, बँकेतून, कचेरीतून आलेलं. मालकाला मुलीच्या खात्यात म्हणायचं असतं तर त्याच्या तोंडून ‘तुनामा टाकी दे’ आलं असतं. जीभ वळणच सोडत नाही.

दुपारनंतर मी साहेबांना हे सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, टेप परत लावली, आणि रायटरला बोलावून विचारलं. रायटर जामनेरकडचा. त्याने कान लावून ऐकलं आणि मान हलवली. म्हणाला, साहेब, मी अर्थ लिहिला, शब्द नाही लिहिला. साहेब म्हणाले, आता शब्द लिही. मग ते माझ्याकडे वळले. म्हणाले, व्याकरणावर अटक टळेल, पण केस उभी राहणार नाही. मला ते माहीत होतं. मी म्हटलं, खरं आहे साहेब, पण आपलं म्हणणाऱ्याकडे वस्तू असते. ते सिमकार्ड शोधू.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या वेळेला झडती घेतली. दोन पंच बरोबर घेतले, त्याच गल्लीतले दुकानदार. मुलीलाही बोलावलं होतं, तिचं टेबल दाखवायला. मालक शांत होता. सगळ्यांसाठी चहा सांगितला, तो आम्ही घेतला नाही. कपाटं बघितली, टेबलं बघितली. देव्हाऱ्याच्या खालच्या खणात उदबत्तीच्या पुड्यांमागे एक बटणांचा छोटा मोबाईल सापडला. पंचांना दाखवला. त्या वेळी मालक साहेबांबरोबर आतल्या केबिनमध्ये होता. त्याला तो दिसला नाही, आणि मी सांगितलंही नाही.

आता हा मोबाईल मिळून काय उपयोग? देव्हारा सगळ्या ऑफिसचा. तो म्हणेल, मुलीने ठेवला. मी तो मालकाच्या दोन मोठ्या मोबाईलच्या मध्ये टेबलावर ठेवला, जप्तीचे खाकी लिफाफे काढले, लाख आणि मेणबत्ती मांडली आणि त्याला बाहेर बोलावलं. तो समोर बसला. मी त्याच्याशी अहिराणीत बोलायला लागलो. गाव कोणतं, मळा नदीकडे का टेकडीकडे, दोंडाईच्याच्या बाजारात यंदा मिरची कशी. गाव माझ्या गावापासून लांब नव्हतं. तो सैल झाला. माणूस आपल्या बोलीत आला की खुर्चीत मागे टेकून बसतो, हे मी कित्येकदा पाहिलंय. त्याने त्याच्या मामाचं नाव सांगितलं. मामा मला माहीत निघाला. त्याच्या बैलांची गोष्ट त्याने रंगवून सांगितली, मी हसलो. खरंच हसलो, गोष्ट चांगली होती.

लिफाफ्यावर लिहिता लिहिता, मान वर न करता, मी विचारलं, “या तीन्ही फोन कोना शेतस, भाऊ?” हे तिन्ही फोन कोणाचे आहेत.

तो म्हणाला, “आपलाच शेतस.”

“तीन्ही?”

“हां, तीन्ही आपलाच.” छातीवर हात ठेवला त्याने.

मग मी मान वर केली. “आपला म्हणजे मना का?”

तो हसला. “तुमना कसा व्हतीन, भाऊ? मना शेतस.” तुमचे कसे असतील, माझे आहेत.

हसता हसता त्याची नजर टेबलावर गेली. मधल्या मोबाईलवर थांबली. पंचांपैकी एक जण, भांड्यांच्या दुकानवाला, हळूच म्हणाला, “भाऊ, आमी बी आयकं बरं.” आम्हीही ऐकलं. मालकाने साहेबांकडे बघितलं आणि एकदम शुद्ध मराठीत सुरू झाला. साहेब, आपला गैरसमज होतोय. साहेब म्हणाले, “माझा होत होता. आता नाही.”

पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे आम्हाला रोज सकाळी पाठ म्हणायला लावल्यासारखं माहीत असतं. म्हणून मी त्या शब्दांवर विसंबलो नाही. मोबाईल सीलबंद केला. त्यातलं सिम तेच निघालं, मुलीच्या खात्याला जोडलेलं. बँकेचे सगळे संदेश त्यात होते. टॉवरवरून कळलं की तो मोबाईल रात्री नेहमी मालकाच्या घरी मुक्कामाला असायचा. एटीएमच्या कॅमेऱ्यात मुलीच्या नावाचं कार्ड वापरताना जो माणूस दिसत होता, त्याचा शर्ट इस्त्रीचा होता. गुन्हा दाखल झाला, आरोपीच्या रकान्यात मालकाचं नाव गेलं. मुलगी साक्षीदार झाली. शाखा बंद झाली, कंपनीने परवाना काढून घेतला, आणि कोर्टात तारखा पडत राहिल्या. मी निवृत्त झाल्यावरसुद्धा दोनदा साक्षीला गेलो. सरकारी वकिलाने मला विचारलं, आपला म्हणजे काय ते कोर्टाला सांगा. मी सांगितलं. न्यायाधीश धुळ्याचे होते. ते लिहून घेताना किंचित हसल्यासारखे वाटले, पण मी त्याचा पुरावा देऊ शकत नाही.

मुलीच्या पडताळणीचा कागद साहेबांनी माझ्याच टेबलावर पाठवला. गुन्हा दाखल नाही, असं मी माझ्या हाताने लिहिलं. अक्षर वाईट आहे माझं, पण ती ओळ मी चांगली काढली. कागद गेला, मुलगी रुजू झाली. त्या थंडीत तिचा बाप वांग्यांची पिशवी घेऊन घरी आला. आमच्या मंडळींनी ती दारातूनच परत केली. म्हणाली, जमादार नोकरीत आहेत तोवर नाही. बाप म्हणाला, मग निवृत्त कधी होतात? त्याने तारीख विचारून घेतली. निवृत्तीनंतरच्या पहिल्या थंडीत पिशवी आली ती मग दरवर्षी आली.

या केसने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मी दोन गोष्टी सांगतो. दलाली करणारे वाईट असतात असं मी म्हणत नाही. दुसऱ्याचं काम आणि स्वतःचं काम एकाच हाताने करणारे लोक सगळीकडे आहेत. अडत्या आहे, वकील आहे, पोलीससुद्धा आहे. दोन ढीग असू द्यावेत. फक्त घाई झाली की तो आधी कोणत्या ढिगाकडे हात नेतो, तेवढं बघावं. आणि दुसरं, माणसाचं बोलणं धुऊ नये. मी त्यानंतर जे जबाब लिहून घेतले ते बोलला तसे घेतले. वकील कुरकुरले, मी ऐकलं नाही.

बाकी नोकरीने मला पुष्कळ दिलं. बदल्या सगळ्या खानदेशातच झाल्या, मुलं शिकली, पाठीवर कोणाची हाय नाही. ती सोबत होती तोवर मला कमी काही पडलं नाही. आता ती नाही. याला मी तक्रार म्हणत नाही. तक्रार कोणाकडे नोंदवायची?

त्या दिवशी वांगी भाजून झाली. सालं काढून तिने पातेल्यात झाकून ठेवली. सकाळी ठेचू म्हणाली, मिरच्या ताज्या आणा. पहाटे तिच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्यांनी रिक्षा काढली. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

दवाखान्याच्या चौकीत एक महिला पोलीस होती. नवी, बाहेरच्या जिल्ह्यातली, मला ओळखत नव्हती. दवाखान्यात आणण्याआधी मृत्यू झाला की जबाब घ्यावा लागतो, तो ती घेत होती. मी असे जबाब किती घेतले असतील. तिने मान खाली घालून, नीट, मानाने विचारलं, “मयत बाई आपल्या कोण?”

मी म्हटलं, “आपल्याच.”

तिने क्षणभर वर बघितलं आणि लिहिलं, मयत ही माझी पत्नी असून. बोललेलं तिने धुतलं होतं, पण मी दुरुस्त केलं नाही. तिने वाचून दाखवलं, मी सही केली. घरी आलो तेव्हा बायका जमल्या होत्या, चूल पेटणार नव्हती. मी पातेलं उचललं, शेजारच्या घरी नेऊन दिलं आणि सांगितलं, आजच ठेचा, मिरच्या ताज्या घाला.